घरातला फोन कुणाचा?

आंबा एक आणि खाणारी तोंडं चार असली, की फोडी करायचं काम आपोआप आईकडे येतं. बाठा कुणाला, मोठी फोड कुणाला, हे तीच ठरवते आणि एवढं करून कुणी ना कुणी रुसतंच! लग्नाला बावीस वर्षं झाली, तेवढ्या काळात मी आंब्याच्या, पुरणपोळ्यांच्या, गोधड्यांच्या आणि पंख्याखालच्या जागेच्या पुष्कळ वाटण्या केल्या. पण शिक्षणाचीही वाटणी आपल्याला घरात बसून करावी लागेल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं. ती वेळ आली २०२० साली, शाळा बंद झाल्या तेव्हा.

आम्ही बार्शीला राहतो. हे बँकेत आहेत. बँका चालूच होत्या, त्यामुळे सकाळी दहाला हे बाहेर पडले की त्यांचा फोनही त्यांच्याबरोबर जायचा. मागं राहायचा तो माझा. आता बघा, ह्यांचा फोन तो ह्यांचा. त्याला कुणी हात लावत नाही. माझा फोन मात्र घरातल्या पाटावरवंट्यासारखा, सगळ्यांचा! चिरंजीव तेव्हा नववीत आणि लेक सहावीत. दोघांच्याही शाळेचे तास अकरा वाजता सुरू आणि फोन एक.

सासूबाई म्हणाल्या, “त्याला दे. पुढच्या वर्षी दहावी आहे त्याची. हिचं काय, सहावी तर आहे!”

त्यात त्यांचा दुष्टावा नव्हता. त्यांच्या माहेरी पाच भावंडांत एक कंदील होता, तो भावांच्या पुढ्यात असायचा आणि त्या चुलीच्या उजेडात पाढे पाठ करायच्या. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. हे सगळं त्यांनी मला हसत हसत कितीदा सांगितलंय. मी म्हटलं, “आई, तुम्हीच सांगा, तेव्हा कंदील एक दिवसाआड तुमच्या पुढ्यात आला असता तर?” त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मी कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत फोनचं वेळापत्रक लिहायला बसले, तेव्हा चष्मा लावून शेजारी येऊन बसल्या त्याच!

वेळापत्रक अगदी साधं होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार अकरा ते एक लेकीचा फोन. बाकीचे तीन दिवस चिरंजीवांचा. ज्याचा दिवस नसेल त्यानं संध्याकाळी ह्यांच्या फोनवरून राहिलेला अभ्यास उतरवून घ्यायचा. रोजचा दीड जीबी नेट, तो दुपारीच संपायचा. म्हणून सिनेमे आणि खेळ बंद. कुरकुर झाली. चिरंजीव दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण एकदा नियम भिंतीवर लागला, की भांडण आईशी न होता कागदाशी होतं, हा माझा जुना अनुभव आहे.

सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला, त्याचाही मोठा आधार झाला. पुस्तकातलेच पाठ, पण करून बघायच्या गोष्टींतून. टीव्हीला नेट लागत नाही, आणि एका टीव्हीसमोर चार मुलं बसली तरी कुणाचं काही कमी होत नाही. फोनचं तसं नाही. फोन एकाच्याच हातात मावतो.

हे झालं आमच्या घरातलं. खरी गोष्ट मला आमच्या अक्कांनी शिकवली.

अक्का म्हणजे आमच्याकडे धुणंभांडी करतात त्या. त्यांची मुलगीही माझ्या लेकीएवढीच, तेव्हा सहावीतच. शाळा वेगळी, पण पुस्तकं तीच, बालभारतीची. दोघींचं गणित एक, भूगोल एक, मराठीच्या कविता एक. तिच्या शाळेतल्या बाई रोज सकाळी व्हॉट्सॲपवर अभ्यास पाठवायच्या. पण कुणाच्या फोनवर? अक्कांजवळ बटणांचा फोन. घरात मोठा फोन होता तो नवऱ्याचा. तो मार्केट यार्डात हमाली करतो, फोन खिशात घेऊन पहाटे जातो. संध्याकाळी तो आला, की फोन मोठ्या भावाच्या हाती. रात्री नवाच्या पुढं, बॅटरीचा जीव जायला आला की मग मुलीची पाळी. ती बिचारी बाईंनी पाठवलेलं भराभरा वहीत उतरवून घ्यायची. समजलं का, हा प्रश्नच नव्हता. उतरलं का, एवढाच.

बाहेर पडायला जरा मोकळीक झाली, तशी अक्का कामाला परत आल्या आणि त्यांच्याबरोबर तीही येऊ लागली. तोंडाला रुमाल बांधून आमच्या ओट्यावर बसायची. मी म्हटलं, “अक्का, माझ्या कपाटात एक जुना फोन पडलाय. काच तडकलीय, पण चालतो. घेऊन जा पोरीला.”

अक्का भांडी घासता घासता थांबल्या. म्हणाल्या, “वहिनी, घरी नका देऊ. घरी गेल्यावर त्यो तिचा ऱ्हातोय व्हय? आधी बापाचा, मग भावाचा. हितंच ठेवा. ती हितं येऊन बघंल.”

मैत्रिणींनो, गरीब मुलांना फोन वाटा, टॅबलेट वाटा म्हणणारी भाषणं मी पुष्कळ ऐकली. पण वस्तू घराच्या दारातून आत गेली की पुढं तिचं काय होतं, हे इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितलं नव्हतं. घराला फोन मिळाला म्हणजे घरातल्या मुलीला मिळाला, असं नाही. दाराबाहेरची वाटणी सरकार करतं, शाळा करते. दाराच्या आतली वाटणी घरचेच करतात. आणि ती बाहेरून सहज दिसत नाही.

तर तो तडकलेला फोन आमच्या ओट्यावरच राहिला. दोघी मुली त्यावर एकत्र अभ्यास करायच्या. पण इथं दुसरी अडचण निघाली. सहावीच्या गणितात पूर्णांक संख्या आहेत, म्हणजे शून्याच्या खालच्या उणे संख्याही येतात. त्यावरचा व्हिडिओ दोघींनी तीनदा पाहिला. व्हिडिओतले सर छान बोलत होते, चित्रं रंगीत होती. पण अधिक तीनमध्ये उणे पाच मिळवायचे म्हणजे करायचं काय, हे काही अक्कांच्या मुलीला उमगेना. ती मला म्हणाली, “काकू, ह्या सरांना विचारता येत नाही का?”

नाही येत! व्हिडिओ दहादा लावा, तो दहादा तेच सांगणार. समोरच्या मुलीच्या कपाळावरची आठी त्याला दिसत नाही.

त्या शाळेच्या बाई मात्र भल्या. त्या दर शनिवारी वस्तीत यायच्या, मारुतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर सहा-सात मुलांना लांब लांब बसवायच्या. आठवडाभर फोनवर जे पाहिलं त्यातलं काय कळलं नाही, तेवढंच मुलांनी वहीत लिहून आणायचं, असा त्यांचा नियम होता. उणे संख्येचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी मधल्या पायरीवर खडूनं शून्य काढलं. “चढ तीन पायऱ्या,” त्या मुलीला म्हणाल्या. “आता पाच उतर. कुठं आलीस?” “शून्याच्या खाली दोन.” “मग झालं तर! तेच उणे दोन.” घरी येऊन तिनं ते माझ्या लेकीला आमच्या जिन्यावर समजावून सांगितलं. माझ्या लेकीच्या शाळेत रोज दोन तास फोनवर वर्ग भरायचा, पण हे तिला त्या जिन्यावर कळलं!

मोठ्या लोकांच्या भाषेत ह्याला मिश्र शिक्षण म्हणतात. काही भाग यंत्रावर, काही भाग समोरासमोर. नाव भारदस्त असलं तरी गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातलीच आहे. मिक्सर वाटण करून देतो, पण मीठ-तिखट बघायला माणूसच लागतं. एकदा सांगून भागतं ते यंत्रानं सांगावं, आणि त्यामुळे वाचलेला वेळ बाईंनी ज्याला कळलं नाही त्याच्यासाठी खर्चावा. असं झालं तरच मागं पडलेलं मूल पुढं येतं. नाहीतर ज्याच्याकडे आधीच सगळं आहे त्याच्याकडे आणखी एक यंत्र वाढतं, एवढंच.

त्या वर्षी अनेकांनी अनेक वाटा काढल्या. आमच्याच जिल्ह्यात, सोलापूरच्या निलमनगरमध्ये, कापडधंद्यातल्या कामगारांच्या वस्तीत शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले. मुलं ह्या गल्लीतून त्या गल्लीत जात भिंती वाचायची. पालघर जिल्ह्यातल्या दांडवळ गावात मोबाईलची सोय नाही म्हणून ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवले गेले. केरळात तर १ जून २०२० ला टीव्हीवरून शाळा सुरू झाली तेव्हा टीव्ही किंवा नेट दोन्ही नाही अशी मुलं किती, हे मोजून काढलं होतं. ती निघाली सुमारे २ लाख ६० हजार. मग त्यांच्यासाठी वाचनालयांत आणि गावच्या सार्वजनिक जागांत टीव्ही लावून बसायची सोय केली. मला ही शेवटची गोष्ट फार पटली. पंगत बसवण्याआधी पान कुणाला मिळालं नाही ते बघावं, तसंच हे.

आणि आमच्या शेजारच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव तर तुम्ही ऐकलंच असेल. २०२० च्या डिसेंबरात त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं, दहा लाख डॉलरचं; आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. त्यांच्या शाळेतल्या पुष्कळ मुलांच्या घरची भाषा कन्नड. गुरुजींनी पुस्तकातले धडे त्यांच्या भाषेत आणले आणि पुस्तकात क्यूआर कोड घातले. फोन त्यावर धरला की कविता ऐकू येते, धडा दिसतो. पुढं बालभारतीच्या पुस्तकांतही असे काळे-पांढरे चौकोन आले. आपल्या मुलांच्या पुस्तकात ते असतात, पण किती घरांत ते उघडून पाहिले जातात? सरकारच्या ‘दीक्षा’ ॲपमधून ते उघडतात, पैसे पडत नाहीत. शिवाय धडा एकदा उतरवून ठेवला, की पुन्हा पाहायला नेट लागत नाही. ज्यांच्या घरी नेट आहे त्यांनी उतरवून द्यावं आणि ज्यांच्या घरी नाही त्यांनी निवांत पाहावं, अशी ही सोय आहे.

शाळा उघडल्या, मुलं वर्गात गेली. पण फोनचा प्रश्न काही संपला नाही. उलट शिकवण्या, सूचना, गृहपाठ सगळं फोनवर येऊ लागलं. खेड्यापाड्यांतल्या मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’नं २०२३ साली २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना विचारलं. दहांतल्या जवळजवळ नऊ घरांत स्मार्टफोन होता. पण ज्यांना तो वापरता येत होता त्यांत स्वतःचा फोन असलेले मुलगे शेकडा ४४ आणि मुली फक्त शेकडा २०! मी हे आकडे वाचले आणि मला अक्कांचं बोलणं आठवलं. पाहणी न करताच त्यांना ते ठाऊक होतं.

आमची दहाजणींची भिशी आहे. एकदा भिशीत मी हा विषय काढला. प्रत्येकीच्या घरी कपाटात एखादा जुना फोन होताच. एकीचे दोन्ही मुलगे पुण्याला, त्यांची खोली रिकामी. तिच्याकडे नेटही होतं. ठरलं, की फोन कुणाला घरी द्यायचे नाहीत. संध्याकाळी पाच ते सात खोली उघडी. फोनमध्ये सिम नाही, त्यामुळे बोलणं नाही, फक्त अभ्यास. दोघींत एक फोन. मुलगे आले तरी चालतील, पण पहिला हक्क मुलींचा. आणि प्रत्येकीजवळ एक प्रश्नवही. व्हिडिओ पाहून जे कळणार नाही ते तीत लिहायचं आणि शाळेत विचारायचं. शनिवारी आमच्यातली एक निवृत्त शिक्षिका त्या वह्या बघते.

पहिल्याच आठवड्यात दोघी-तिघी शेजारणी आल्या. “अहो, मुलींच्या हातात फोन म्हणजे बिघडायला किती वेळ लागतो?” त्यांची काळजी खोटी नव्हती. फसवणारे लोक असतात, फोटो मागणारे असतात. पण त्यावर उपाय मुलींना आंधळं ठेवणं हा नाही. आम्ही मुलींना पहिल्याच दिवशी सांगितलं, की ओळखीचा असो वा अनोळखी, फोटो मागितला तर द्यायचा नाही. ओटीपी कुणाला सांगायचा नाही. कुणी धमकावलं तर घाबरून लपवायचं नाही, आम्हाला सांगायचं. आणि फसवणूक झालीच तर १९३० ह्या नंबरावर तक्रार करता येते. रस्त्यावर गाड्या असतात म्हणून आपण मुलींना शाळेत पाठवायचं थांबवलं का? रस्ता ओलांडायला शिकवलं.

केरळातल्या एका कॉलेजच्या वसतिगृहात मुलींनी संध्याकाळी सहा ते दहा फोन जमा करायचा असा नियम होता. एका मुलीनं तो मानला नाही, म्हणून तिला वसतिगृहातून काढलं. ती कोर्टात गेली. २०१९ च्या सप्टेंबरात केरळ उच्च न्यायालयानं निकाल तिच्या बाजूनं दिला आणि इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे, असं सांगितलं. मी हे त्या शेजारणींना सांगितलं. त्यांतली एक दुसऱ्या महिन्यात आपली पुतणी घेऊन आली!

अक्कांच्या घरी मात्र सोपं गेलं नाही. मुलगी नववीत गेली आणि नवरा म्हणू लागला, शाळा पुरे, एखादं चांगलं स्थळ बघू. अक्का माझ्याजवळ रडल्या नाहीत. त्या पदर खोचून घरी गेल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, “अठरा झाल्याबिगर लग्नाचं नाव काढायचं न्हाई, कायदा हाय. आणि शिकंल तवर शिकू दे.” दोन दिवस घरात अबोला होता, असं त्यांनीच सांगितलं. मुलगी शाळेत राहिली.

२०२५ साली दोघी दहावी झाल्या, माझी लेक आणि ती. टक्के विचारू नका. दोघी चांगल्या पास झाल्या एवढं पुरे. त्याच वर्षी आपल्या सबंध राज्यात अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच ऑनलाइन झाले. म्हणजे बघा, कॉलेजचं दार गावात, चालत जाण्याच्या अंतरावर. पण आत जायचा रस्ता फोनमधून! अर्ज फोनवर, यादी फोनवर. मी मदतीला बसले, पण तिनं मला हात लावू दिला नाही. स्वतःचा अर्ज स्वतः भरला आणि मग वस्तीतल्या आणखी चौघींचे भरून दिले. नंबर मात्र तिनं बापाचा दिला नव्हता. अक्कांनी त्याच महिन्यात हप्त्यानं एक फोन घेतला होता, स्वतःच्या नावावर. तो त्यांच्या पदराला बांधलेल्या किल्लीच्या कपाटात असतो. किल्ली कधी मुलीकडे असते, कधी त्यांच्याकडे.

तुमच्याही गावात हे करता येईल. फार काही लागत नाही; एक खोली, चार जुने फोन, एकीच्या घरचं नेट आणि प्रश्नांची उत्तरं देणारं एखादं माणूस. शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं, ते नसेल तर बाकीचं जमवूच नका. फोन देण्याआधी त्यातले आपले फोटो, बँकेचं सगळं पुसून टाका. बॅटरी फुगलेली असेल तर तो फोन मुळीच देऊ नका. कोण किती वेळ वापरणार हे कागदावर लिहून भिंतीवर लावा. आणि खोली कुणा एका घराच्या ताब्यात जात नाही ना, तेवढं लक्ष असू द्या.

आणि हो, फोनबरोबर चार्जर द्यायला विसरू नका. आमच्या खोलीत सहा फोन जमले आणि चार्जर आले दोनच!